फ्रिजमधल्या वह्या

त्यांच्या घरी फ्रिज होता, पण पाणी माठातलंच प्यावं लागे.

बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात मी खोली बघायला गेलो, तेव्हा पुढच्याच खोलीत तो उंच, फिकट निळा फ्रिज दिसला आणि जीव थंड झाला. घरमालकीण काकूंनी माठातलं पाणी आणून दिलं. मी फ्रिजकडे बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "तिकडे बघू नकोस. त्यात मेलेली माणसं आहेत."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मी निमूटपणे पाणी संपवलं. मग काकांनी उठून फ्रिजचं दार उघडलं. आतला दिवा लागला नाही, कारण त्या फ्रिजचा विजेशी संबंध कधीच तुटला होता. वरपासून खालपर्यंत वह्याच वह्या. शाळेच्या, हिशेबाच्या, कापडी पुठ्ठ्याच्या, बियाणं कंपन्यांनी फुकट वाटलेल्या डायऱ्या, काही नुसतेच दोऱ्याने बांधलेले कागद. मधे मधे कडुनिंबाचा सुकलेला पाला.

"वाळवी शिरत नाही, उंदीर शिरत नाही, गळकं छत असलं तरी पाणी शिरत नाही," काका म्हणाले. "आणि पाहुणे आले की बर्फ मागतात, वह्या मागत नाहीत. याच्याइतकं चांगलं कपाट दुसरं नाही."

मी तेव्हा केळीची टिश्यूकल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपं विकायचो. मूळचा रावेरकडचा, कंपनीने बुऱ्हाणपूर जिल्हा माझ्या गळ्यात बांधला होता. दिवसभर मोटरसायकलवर शाहपूर आणि आसपासची गावं, संध्याकाळी लोधीपुऱ्यातली ती वरची खोली. भाडं कमी होतं. का कमी होतं ते चार दिवसांत कळलं. काकांना माझ्याकडून भाड्यापेक्षा मोटरसायकल हवी होती.

गल्लीत त्यांना कोणी 'रद्दीवाले काका' म्हणे, कोणी 'डायरीबाबा'. त्यांचं म्हणणं एवढंच की साध्या माणसाने लिहिलेलं वाया जाऊ नये. साधा म्हणजे कंपाउंडर, तिकीट तपासणारा, बालवाडीची बाई, माग चालवणारा. ज्याच्या नावाची पाटी फक्त त्याच्या दारावर असते, तीही पुढचा रंग लागेपर्यंत. अशा माणसाने मरताना मागे वही ठेवली असेल तर ती काकांना हवी असे. सोन्याची अंगठी ठेवली असेल तर ती घरच्यांना हवी असे. त्यामुळे भांडणाचा प्रश्न येत नसे.

हे वेड त्यांना कागद कारखान्यात लागलं. वडील महाराष्ट्रातून नोकरीसाठी कारखान्याच्या वसाहतीत आले, हे तिथेच वाढले आणि तिथेच चिकटले. काम रद्दी निवडायचं. गाठी फुटायच्या, त्यातलं प्लास्टिक, टाचण्या, तारा बाजूला काढायच्या आणि उरलेला कागद लगद्याकडे ढकलायचा. एके दिवशी कुठल्याशा मास्तरणीची वही हातात आली. पहिल्या पानावर लिहिलं होतं, 'आज नवी साडी नेसून गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही.' काकांनी ती वही लगद्याकडे ढकलली नाही. शर्टात घातली.

गेटवर झडती झाली. वही सापडली. दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभं केलं. साहेबांनी विचारलं, "हिची किंमत काय?"

"वजनावर गेलं तर पाव किलो," काका म्हणाले.

"मग चोरली कशाला?"

"त्या साडीचं पुढे काय झालं ते बघायचं होतं."

साहेबांनी वही उघडली, गुन्हा किती गंभीर आहे ते बघायला. अर्धा तास बघत राहिले. मग म्हणाले, "हिची पुढची वही सापडली का?" त्यानंतर काकांना अशा वह्या घरी न्यायची परवानगी मिळाली. तोंडी. लेखी द्यायला साहेब धजावले नाहीत. लिहिलेलं कुठे जाऊन पोचतं हे त्यांनी नुकतंच बघितलं होतं.

निवृत्तीनंतर लगद्याची वाट बंद झाली, तेव्हा काकांनी थेट घरं गाठायला सुरुवात केली. कोणी गेल्याचं कळलं की ते तारीख लिहून ठेवत आणि बरोबर चौदाव्या दिवशी त्या दारात उभे राहत. तेराव्या दिवसापर्यंत माणूस घरचा असतो, चौदाव्या दिवशी त्याचं सामान अडगळ होतं, असा त्यांचा अनुभव. बाराव्या दिवशी गेलं तर लोक रडत रडत 'त्यांची आठवण आहे' म्हणून देत नाहीत, पंधराव्या दिवशी गेलं तर भंगारवाला नेऊन मोकळा झालेला असतो. काका इतके वक्तशीर होते की काही घरांत त्यांना बघूनच लोकांच्या लक्षात येई की आज चौदावा.

त्यांचे नियम होते. जिवंत माणसाची वही घ्यायची नाही, कारण तो अजून बदलू शकतो. शुद्धलेखन सुधारायचं नाही. वही घराबाहेर जाणार नाही. मात्र घरच्या कुणाला वाचायची असेल तर फ्रिजसमोरच्या स्टुलावर बसून खुशाल वाचावी, चहा मिळेल. फ्रीजरमध्ये त्या वह्या, ज्या घरच्यांनी 'अमुक माणूस असेपर्यंत उघडू नका' म्हणून दिलेल्या. फ्रीजर गच्च भरला होता. आपल्या समाजात कुटुंबव्यवस्था किती घट्ट आहे हे त्यावरून कळे.

मी एकदा विचारलं, "काका, तुम्ही स्वतः लिहिता का?"

"मला वेळ कुठे आहे?" ते म्हणाले.

आणि काकू. काकूंनी आयुष्यभर हे सहन केलं असं मी म्हणणार नाही, कारण सहन करणारा माणूस गप्प असतो. काका कुणाच्या चौदाव्याला निघाले की त्या विचारत, "आज कोणाला आणताय जेवायला?"

एकदा मोठ्या शहरातल्या विद्यापीठातून तिघं जण आले. कॅमेरा, पांढरे हातमोजे, गळ्यात ओळखपत्रं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की बुऱ्हाणपुरात एका म्हाताऱ्याकडे जुने दस्तऐवज आहेत. गाव बादशाही जमान्यातलं. त्यांना वाटलं फर्मानं असतील. काकांनी त्यांना एका कंपाउंडरची डायरी दिली. एकोणीस वर्षं रोज हवामान आणि त्या दिवशी दवाखान्यात कोण खोकत आलं त्याची यादी. त्यांच्यातल्या प्रमुखांनी हातमोजे घालून दहा पानं उलटली आणि हातमोजे काढले.

"यात विशेष काय आहे?"

"काही नाही," काका म्हणाले. "विशेष असतं तर तुम्ही आधीच नेलं असतं."

"राजघराण्यातलं काही? बेगमेबद्दल वगैरे?"

"या गावात एक बेगम बाळंतपणात गेली, त्यावर गाईड लोक तासभर बोलतात," काका म्हणाले. "माझी आत्याही बाळंतपणातच गेली. सातव्या. तिच्याबद्दल कंपाउंडरने दीड ओळ लिहिली आहे. पान उघडून देऊ?"

त्यांना उशीर होत होता. हातमोजे मात्र विसरून गेले. काकूंनी ते पुढे कित्येक महिने तव्यावरची भाकरी उलटायला वापरले. संशोधनाचा इतका थेट उपयोग मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

हे सगळं मी मजेत बघत होतो. मित्रांना फोनवर सांगून हसवत होतो. मग शाहपूरचं प्रकरण झालं आणि त्यात हसण्यासारखा माणूस मीच निघालो.

शाहपूरला माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. ताप्तीकाठी बागायत, घरात दोन गाड्या, केळीचा प्रत्येक घड पोरासारखा झाकून ठेवणारा शेतकरी. मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याची आई वारली. मी भेटायला जाऊन आलो आणि घरी येऊन बोलता बोलता काकांना सांगितलं की म्हातारी नातवंडांच्या वह्यांत काहीबाही लिहीत बसायची म्हणे. काकांनी तारीख विचारली.

चौदाव्या दिवशी मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. भाऊ ओसरीत बसला होता. काकांनी हात जोडले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आईंनी काही लिहिलेलं मागे ठेवलंय का?"

"लिहिलेलं?" भाऊ म्हणाला. "अहो काका, पोराईच्या जुन्या वह्या होत्या. मागची पानं कोरी राह्यली की आई त्यात लिहायची. चौथी शिकेल होती. ये सब रद्दी है, तुम्ही काय करसान?"

"ठेवीन."

"कशाले?"

"ठेवायलाच."

भाऊने माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, असा तो प्रश्न होता. मीही डोळ्यांनीच सांगितलं की नाही, पण निरुपद्रवी आहे. भाऊच्या बायकोने आतून एक पिशवी आणून दिली. सात वह्या. पुढे नातवाचे पाढे, मागे आजी. काकांनी पिशवी मांडीवर धरली आणि परत येताना खड्डा आला की मला दरडावून सांगत राहिले, हळू चालव.

त्यांनी त्या वह्या मधल्या कप्प्यात ठेवल्या. वाचल्या नाहीत. नवीन आलेली वही ते महिनाभर उघडत नसत. म्हणत, तिला जरा बसू द्यावं.

तीन आठवड्यांनी मी ऑर्डर घ्यायला शाहपूरला गेलो. नव्या लागवडीसाठी आठ हजार रोपं. कंपनीत माझं नाव होणार होतं. भाऊने चहा पाजला आणि मग म्हणाला, "ऑर्डर तुलेच देईन भाऊ. पण त्या वह्या वापस आण."

मी विचारलं, का?

"बायको म्हणते, आई रोज लिहायची. रोज म्हणजे रोज. आता रोज लिहिण्यासारखं आमच्या घरात होतं काय? आम्हीच होतो." त्याने कप खाली ठेवला. "घरकी बात घरमें रहनी चाहिए. काकाले मी मागितल्या तर ते म्हणतील इथं बसून वाचा. मले वाचायच्या नाहीत. मले त्या पाहिजे."

माझ्याकडे त्या वेळी दोन रस्ते होते, असं लिहायला आवडलं असतं. मला एकच दिसला. दुसऱ्या दिवशी काका कोणाच्या तरी चौदाव्यासाठी पॅसेंजरने चांदनीला गेले होते. मी दुपारी खाली आलो, फ्रिज उघडला, सात वह्या पिशवीत भरल्या आणि निघालो. फ्रिजला कुलूप नव्हतं. मेलेल्या माणसांच्या वह्या कोण चोरणार, असं काकांना वाटत असावं. त्यांनी टिश्यूकल्चरच्या धंद्यातली माणसं बघितली नव्हती.

दारात काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पिशवीकडे बघितलं.

"दळण का?"

"हो," मी म्हणालो.

शाहपूरला पोचलो तर भाऊ मजुरांना घेऊन लांबच्या शेतावर गेलेला. येईपर्यंत थांब, असा निरोप. मी चौकातल्या चहाच्या टपरीवर बसलो. दीड तास. मोबाईलची बॅटरी संपली होती, नाहीतर या गोष्टीत पुढे काहीच घडलं नसतं. वेळ जात नाही म्हणून मी एक वही काढली.

अक्षर मोठं होतं आणि ओळीच्या वर तरंगणारं. तारखा नव्हत्या. कुठे 'आज अमावस', कुठे 'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी'. एका दिवसाला दोन ओळी, फार तर तीन. 'आज हळद नव्हती. भाजी पांढरी केली. कोणी विचारलं नाही.' 'ताप्तीला पूर. बघायला सगळे गेले. मी घर बघितलं.' 'टीव्ही आला. आता कोणी बोलत नाही. आधीही बोलत नव्हते, पण तेव्हा इतका आवाज नव्हता.'

मी टपरीवर एकटाच हसलो. टपरीवाल्याने विचारलं, जोक्सची वही आहे का? दोन वह्या संपवून तिसरी अर्धी झाली तेव्हा भाऊ आला.

त्याने पिशवी घेतली आणि एकही वही उघडली नाही. बांधाला केळीची वाळलेली पानं जाळायला लावली होती. तो तिकडे गेला आणि एकेक वही त्यावर ठेवली. फेकली नाही, ठेवली. पुठ्ठ्यांना जळायला वेळ लागला. तो काठीने पानं सारखी करत उभा राहिला, आणि मी शेजारी ऑर्डरचा फॉर्म घेऊन उभा राहिलो. नंतर त्याने सही केली. ऑर्डर मिळाली, रोपं उत्तम आली. जमिनीला या गोष्टी कळत नाहीत.

परतताना मी मनाशी हिशेब जुळवला होता. फ्रिजमध्ये शेकड्यांनी वह्या आहेत. सात कमी झाल्या तर काकांना वर्षभर पत्ता लागणार नाही. तोवर माझी बदली होईल.

पत्ता दुसऱ्याच दिवशी सकाळी लागला. मी अजून खालीच चहा घेत होतो, तेव्हा एक बाई आली. चाळिशी ओलांडलेली, हातात कापडी पिशवी, पायांवर स्टेशनपासून चालत आल्याची धूळ. कागद कारखान्याच्या गावाहून आले म्हणाली. तिने आधी काकूंकडून पाणी घेतलं, मग काकांसमोर बसली.

"शाहपूरच्या बाजारात कळलं की माझ्या आईच्या वह्या तुम्ही आणल्या."

"तो केळीवाला तुमचा भाऊ का?" काकांनी विचारलं.

ती हो म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, एखाद्या ऑफिसात अर्ज सांगावा तसं. कारखान्यातल्या एका महाराष्ट्रीय मुलाशी लग्न केलं; जात वेगळी. भावाने घर बंद केलं. वीस वर्षं होऊन गेली. फोन केला की भाऊ उचलायचा आणि म्हणायचा, आईला तुझ्याशी बोलायचं नाही. आई आजारी होती तेव्हाही तेच. ती वारल्याचंही, तेरावं होऊन गेल्यावर कुणाकडून तरी समजलं.

"तिला बोलायचं नव्हतं, का माझा फोन आल्याचं भावाने तिला सांगितलंच नाही, ते मला आता कोण सांगणार?" ती म्हणाली. "म्हणून वह्या बघायच्या होत्या. त्यात माझं नाव असेल तर बघते. नसेल तरी चालेल. कळेल तरी."

काका उठले. फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात हात घातला, मग खालच्या, मग भाजीच्या ट्रेमध्ये, मग फ्रीजरमध्येही. त्यांना आपली वही कुठे आहे ते शोधावं लागत नसे. ते शोधत होते हे बघून काकूंनी निवडायचं सूप खाली ठेवलं.

"ह्याला विचारा," त्या म्हणाल्या. "काल ह्याने दळण नेलं होतं."

मी सांगितलं. सगळं. बाईकडे न बघता, काकांकडे न बघता, फ्रिजच्या दाराच्या रबराकडे बघत. जाळल्या, हा शब्द म्हणायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला.

मला वाटलं काका खोली सोडायला सांगतील. मी मनात सामानही बांधलं. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "उघडून बघितल्या होत्यास?"

"हो."

"किती?"

"अडीच वह्या. भाऊने दीड तास थांबवलं म्हणून."

"त्याने एक काम बरं केलं," काका म्हणाले. त्यांनी कपाटावरून कोरे कागद काढले, चष्मा पुसला. "सांग."

"काय सांगू?"

"जे वाचलंस ते. शब्द तेच. तुझे घालू नकोस."

मी सांगू लागलो. पांढरी भाजी. पूर. टीव्ही. काका लिहीत होते. बाई ऐकत होती आणि मधेच एकदा म्हणाली, "असंच बोलायची." मला हळूहळू एकेक ओळ आठवत गेली. 'पोराला ताप. दिवसभर उशाशी बसले. उतरल्यावर म्हणाला, चहा गार आहे.' 'सून चांगली आहे. माझ्यासारखीच गप्प. दोघी मिळून घर शांत ठेवतो.' सहा पानं भरली. समोरच्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं, पण मुलीबद्दल काही वाचल्याचं आठवत नव्हतं, आणि ते तिलाही कळत चाललं होतं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"आणखी?" काका म्हणाले.

"आणखी एक गमतीचं होतं," मी म्हणालो. वातावरण जरा हलकं करावं म्हणून म्हणालो. "त्यांच्याकडे म्हैस असावी एक. दर वर्षी तिचा वाढदिवस करायच्या. 'आज बबीचा दिवस. शिरा केला. पोरगा म्हणे आज काय आहे? म्हटलं, रवा संपवायचा होता.' दोन वह्यांत तीनदा होतं. नागपंचमीनंतर दोन-तीन दिवसांनी."

काकांचा पेन थांबला. काकूंनी बाईकडे बघितलं.

"बबी मी," ती म्हणाली.

शेजारच्या गल्लीतले माग चालू होते, त्यांची खटखट तेवढी ऐकू येत होती. मी माझ्या म्हशीसकट कुठे जावं ते मला समजेना.

"शिरा मला आवडायचा नाही," ती म्हणाली. "तिलाच आवडायचा. माझ्या नावावर करायची आणि स्वतः दोनदा घ्यायची." मग तिने पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

मला राहवलं नाही. वाटलं, एवढं नुकसान केलं आहे, आता जरा भर घालायला काय हरकत आहे. मी म्हणालो, "आणि एका ठिकाणी असंही होतं की पोरीला मी कधीच माफ केलं आहे."

काकांनी मान वर केली. "कुठल्या वहीत?"

"दुसऱ्या."

"आधी काय होतं? नंतर काय होतं?"

मी पुन्हा फ्रिजच्या रबराकडे बघू लागलो.

"होतं का नव्हतं?"

"नव्हतं."

"मग शिऱ्यावर थांब," काका म्हणाले.

मला त्यांचा राग आला. बाईसमोर, अशा वेळी, एका वाक्याने त्यांचं काय बिघडणार होतं? पण तीच म्हणाली, "राहू द्या. शिरा पुरे आहे. तो खरा आहे."

नऊ पानं झाली. तिने ती मागितली. काका नियम सांगायला लागले की वही घराबाहेर जात नाही. काकू म्हणाल्या, "ही वही नाही, नऊ कागद आहेत. आणि चौकात झेरॉक्सचं दुकान आहे. तुमच्या भाडेकरूला पाठवा, त्याला कागद घेऊन बाहेर जायची सवय आहे."

मी गेलो. दोन प्रती काढल्या.

पावसाळ्यानंतर शाहपूरला रोपं उतरवून घेताना भाऊने मला बाजूला घेतलं. "तू वाचलं होतं काय त्यातलं?"

मी म्हटलं, थोडं.

"माझ्याबद्दल होतं?"

मी म्हटलं, "लोधीपुऱ्यात जाऊन बघा." माझ्या तिथल्या मुक्कामातलं धाडस म्हणायचं तर एवढंच.

तो आला. केळीचा अर्धा घड घेऊन आला, काकूंच्या हातात दिला आणि स्टुलावर बसून बोट ठेवून वाचू लागला. तापाच्या ओळीशी बोट थांबलं.

"खरंच असं लिहिलं होतं?" त्याने काकांना विचारलं.

काकांनी माझ्याकडे हात केला. "हा म्हणतो."

भाऊने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "चहा गार होताच." पुढे शिऱ्याचं पान आलं तेव्हा मात्र त्याने वर बघितलं नाही. जाताना विचारलं, "हे बबीने पाहिलं?"

"तिच्यासमोरच लिहिलं," काका म्हणाले.

दारात त्याला चपला घालायला फार वेळ लागला. त्यानंतर तो बहिणीकडे गेला की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि काका तर जिवंत माणसांच्या भानगडीत पडतच नसत.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. सामान मोटरसायकलला बांधून खाली आलो, तर काकांनी फ्रिजवरचं एक जाड रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. कोणती वही कुठून आली, कोणी दिली, किती पानं, याच्या नोंदी होत्या त्यात. शाहपूरच्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं. मी वाचलं:

'शाहपूर. शेतकरी कुटुंबातील बाई. वह्या सात. भाडेकरूने चोरल्या, मुलाने जाळल्या. भाडेकरूच्या तोंडून लिहून घेतलेली पाने नऊ. भाडेकरू विश्वासाचा नाही. स्मरणशक्ती चांगली.'

"काही चुकलं असेल तर सांग," काका म्हणाले. "तू जायच्या आधी दुरुस्त करतो."

मी पुन्हा वाचलं. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या.

"चुकलं नाही," मी म्हणालो.

"मग इथे सही कर."

मी सही केली.